शेठजींची पेटी आणि जगदेवचा नारळ

मोहनसिंगचा आवाज फुटावा म्हणून जगदेवने बालाजीला नारळ कबूल केला होता.

फार काही मागितलं नव्हतं. ताप नको, खोकला नको, विंचूबिंचू तर नकोच! जगदेव वाईट मुलगा नव्हता. फक्त रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, सगळे पाहुणे लोडाला टेकून बसलेले असताना, वरचा सा लावायला मोहनसिंगने तोंड उघडावं आणि आतून कोंबडं ओरडावं, एवढंच. एका नारळात देवाला हे काम परवडेल, असा जगदेवचा अंदाज होता.

साल होतं एकोणीसशे छत्तीस. वाशीमच्या ज्ञानवर्धक बोर्डिंगला दिवाळीची सुट्टी लागली होती. सगळी मुलं आपापल्या गावी जाऊन चकल्या खात होती. मागे राहिला होता तो गायनवर्ग, कारण बोर्डिंगचा रौप्यमहोत्सव नेमका दिवाळीला चिकटून आला होता. सुट्टीत बोर्डिंगमध्ये राहणं म्हणजे लग्नघरी उपास धरणं! पण जगदेवचं दुःख चकल्यांचं नव्हतं.

बोर्डिंगची गाण्याची खोली म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची कापसाची वखार होती. कापूस जाऊन जमाना झाला, तरी वरच्या वाशांत रुई अडकलेली होतीच. एखादा स्वर खणखणीत लागला की वासे थरथरत आणि रुईचा एखादा पुंजका तरंगत खाली येई. गायनमास्तर पुंजाजीबुवा त्यावरच परीक्षा घेत. "रुई पडली पाह्यजे!" ते म्हणत. "रुई पडली नाई त गानं झालं नाई!"

दोन वर्षं ती रुई जगदेवच्या आवाजाने पडत होती. मग श्रावणात एके दिवशी त्याने 'सा' लावला आणि रुईऐवजी सगळा वर्ग हसून खाली पडला. आवाज फाटला होता. बुवा म्हणाले, "वय हाये पोरा, आवाज परत येईन." आणि पुढच्याच आठवड्यात ते बाजारात गेले, ते तांड्यावरच्या एका पोराला हाताशी धरून परत आले. तो पोरगा बैलांमागे गात चालला होता म्हणे! त्याचं नाव मोहनसिंग.

आता मोहनसिंग पेटीला लागून पुढे बसे आणि जगदेव मागे टाळ घेऊन. मोहनसिंग गायला की रुई पडे, आणि पडे ती बरोबर जगदेवच्या डोक्यावर. एवढं झाल्यावर कोणाला नारळ कबूल करावासा वाटणार नाही?

बरं, मोहनसिंग स्वभावाने वाईट असता तरी सोय झाली असती. तोही नव्हता.

पुंजाजीबुवा दिवाळी आटोपून गावाहून आले आणि थेट वखारीत शिरले. शेठ हिरालालजी दुसऱ्या दिवशी महोत्सवाला रिसोडहून यायचे होते. पेटी त्यांनीच बोर्डिंगला भेट दिलेली. तिच्यावर मोहनसिंगचं गाणं ऐकायचं, असं त्यांनी कळवलं होतं.

"चाला, बसा!" बुवांनी हुकूम सोडला. "मोहन्या, भूप. उकंडा, तबल्यावर बस. अन् तोंडातलं गिळ आंधी!"

उकंडाने तोंडातलं गिळलं. तो तबला बरा वाजवायचा, पण त्याचं मुख्य काम जेवण हे होतं.

बुवांनी भाता ओढला आणि पट्टी दाबली.

"भ्यांऽऽ!"

"कोन बसलं बे आतमंदी?" उकंडा ओरडला.

बुवांनी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. एक सूर वर पळाला होता, दुसरा खाली घसरला होता, तिसरा नुसताच हवा सोडत होता. मधली एक पट्टी तर दबली ती वर यायलाच तयार होईना. मोहनसिंगने बिचाऱ्याने गायला सुरुवात केली, पण पेटीच्या मागे धावता धावता त्याचा गंधार कुठल्या कुठे गेला. रुईचं सोडा, वाशावरची पाल तेवढी पळाली.

जगदेवच्या पोटात गुदगुल्या झाल्या. दिवाळीच्या फटाक्यांनी झाल्या नसतील एवढ्या! आणि मग एकदम त्याने हातातले टाळ खाली ठेवले. बालाजीने ऐकलं होतं की! फक्त नेम थोडा चुकला होता. मोहनसिंग पेटीला लागूनच बसतो. घाव त्याच्यावर घातला आणि बसला पेटीवर.

"काय गडबड आहे?" दारातून आवाज आला. सुपरिंटेंडेंट रामकिसनजी आत आले.

रामकिसनजींचं सगळं जीवन स्वच्छतेला वाहिलेलं होतं. दर शनिवारी प्रत्येक मुलाने आपला पितळी लोटा चिंच आणि राख लावून घासायचा आणि व्हरांड्यात रांगेने मांडायचा. रामकिसनजी प्रत्येक लोट्यात वाकून स्वतःचं तोंड बघत. तोंड दिसलं नाही तर त्या मुलाला सकाळचं दूध नाही. बोर्डिंगची घंटा, दाराच्या कड्या, सगळं लखलखीत. दारावरची पितळी पाटी तर त्यांनी इतकी घासून घेतली होती की बोर्डिंगचं नाव आता फक्त जुन्या विद्यार्थ्यांनाच वाचता येई.

"पेटी बिघडली सायेब!" बुवांचा आवाज रडवेला झाला होता. "जाताना चांगली ठेवून गेलो होतो. कोनंतरी उघडली!"

"अशक्य!" रामकिसनजी म्हणाले. "किल्ली माझ्याकडे होती. म्हणजे कोणी कार्ट्याने तार घालून कुलूप काढलेलं दिसतं. दिवाळीत या वखारीत कोण आलं होतं?"

"जगदेव येत होता," उकंडा म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या मनात साधारणपणे काहीच नसे.

सगळ्या माना मागे वळल्या.

"कशासाठी येत होतास?"

जगदेव टाळांची दोरी बोटाला गुंडाळू लागला. कारण होतं, पण ते मोहनसिंगसमोर सांगायचं म्हणजे वखारीच्या आढ्यावरून उडी मारणं बरं. पेटी आल्यापासून एक जुना तंबोरा कोपऱ्यात खुंटीला टांगलेला होता. दुपारी सगळे झोपले की जगदेव तो काढी, सुरात लावी आणि आपल्या फाटक्या आवाजात हळूच गुणगुणे. आवाज परत आला की काय ते बघायला. तंबोरा हसत नाही, एवढा एक त्याच्यात गुण होता.

"बोलत नाही! म्हणजेच चोर!" रामकिसनजींनी निकाल दिला. "याला मोहनसिंगचा हेवा आहे, हे सगळ्या बोर्डिंगला ठाऊक आहे. उद्या शेठजी येईपर्यंत कबूल झालास तर ठीक. नाही तर दुपारच्या रिसोडच्या मोटारीत वळकटीसकट बसून घरी जायचं. गायनवर्गातून नाव कमी! कायमचं!"

"मी नाई केलं, सायेब!" जगदेव ओरडला. आवाज नेमका तेव्हाच फाटला. कोणीतरी हसलं.

बुवांनी फक्त जगदेवकडे एकदा बघितलं. रामकिसनजींच्या शंभर शिव्या एकीकडे आणि ते बघणं एकीकडे!

स्वयंपाकघरामागच्या कडुनिंबाखाली जगदेव बसला होता. गायनवर्गातून कायमचं नाव कमी! मग आवाज परत येऊन तरी काय करायचं? बैलांना ऐकवायचं?

तुळसा आली. ही बोर्डिंगच्या स्वयंपाकीण सोजरबाईंची मुलगी. तिच्यामागे उकंडा, मान खाली घालून. आणि त्याच्यामागे चक्क मोहनसिंग!

"याले कायले आनलं?" जगदेव भडकला.

"तोच मले घेऊन आला," तुळसा म्हणाली. "तो मनते तू केलं नाई."

"तुले काय मालूम, बे?"

"मालूम हाये," मोहनसिंग शांतपणे म्हणाला. "तू माहा गळा दाबशीन, पन पेटीले हात लावनार नाई."

जगदेवला फार राग आला. साऱ्या बोर्डिंगमध्ये आपल्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघावा, आणि तो हाच असावा! आता याच्यावर धड जळायचं तरी कसं?

"माफ कर गड्या," उकंडा पुटपुटला. "माह्या तोंडातून निंगून गेलं. माह्यं डोकंच चालत नाई आजकाल. चार घास धड जात नाईत. वरन पायलं काय? नुसतं पिवळं पानी! आंबटपना नाई, काई नाई!"

"माह्या मायच्या वरनाले नाव ठेवू नको!" तुळसा फिस्कारली. "चिच कोनं नेली मंग? धनतेरशीले आक्खा गोळा गेला कोठीतून! माय तुह्यावरच डोळा ठेवून हाये. मनते, उकंडाच मीठ लावून चाटत बसला असन."

"मी? आक्खा गोळा? दात आंबले नसते माहे?" उकंडाने पुराव्यादाखल तोंड उघडून दाखवलं.

"बंद कर, बंद कर!"

पण जगदेव उठून उभा राहिला होता. "धनतेरशीले? त्याच दिवशी मी वखारीत गेलो त तिथी ओलं होतं, पेटीच्या खाली. मले वाटलं, कोनं पानी सांडलं."

चौघेही एकमेकांकडे बघू लागले. पेटीखाली पाणी आणि कोठीतली चिंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

"चाला!" तुळसा म्हणाली. "सायेब झोपले हायेत. घोरनं स्वयंपाकघरापर्यंत येऊन राह्यलं."

वखारीत शांतता होती. पेटी उघडीच पडलेली. डोकं धरून गेलेल्या बुवांनी तिला कुलूपही लावलं नव्हतं.

"वाजवू नको हां!" जगदेव कुजबुजला. पट्टीला हात न लावता त्याने नुसता भाता ओढला आणि नाक खाली नेलं. अडकलेल्या मुक्या पट्टीतून पेटीने एक लांब श्वास सोडला.

"काय?"

"वास घे!"

मोहनसिंगने वास घेतला. तुळसाने घेतला. उकंडाने तर डोळे मिटून दोनदा घेतला. "वरन!" तो हळवा होऊन म्हणाला.

"चिच बे, चिच!"

अडकलेल्या पट्टीच्या फटीत मोहनसिंगने कडुनिंबाची काडी घातली आणि अलगद उचकटलं. टप्पकन एक काळाभोर चिंचोका उडून उकंडाच्या मांडीवर पडला. पट्टी खट्टकन वर आली.

जगदेवने वरची फळी उचलली आणि चौघेही आ वासून बघतच राहिले. आत पितळेच्या बारीक जिभा ओळीने बसवलेल्या असतात. हवा लागली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. बुवा त्यांनाच सूर म्हणत. मागच्या वर्षी बुवांनी पेटी उघडली होती तेव्हा सगळे सूर जुन्या घागरीच्या बुडासारखे काळपट होते. आज ते नव्या नवरीच्या नथीसारखे चमकत होते! फक्त खाचांत हिरवट चिकटा आणि राख.

"बुवा मनले होते, याले बोटबी लावू नका," जगदेव म्हणाला. त्याने पुढे गेलेलं बोट मागे घेतलं. "कनभर घासलं तरी सूर बदलते. अन् हे त..."

"हे त लोट्यासारखे घासले!" तुळसा म्हणाली.

"कोनं घासले असतीन?" उकंडा म्हणाला. "चिच-राखेनं त आपन सारेच घासतो."

"आपन घासतो, कारन दूध बंद होते," मोहनसिंग म्हणाला. "कोनी सांगतलं नसताना हौसेनं घासनारा मानूस कोन हाये बोर्डिंगमंदी?"

चौघांच्याही माना दाराकडे वळल्या. दुरून येणारं घोरणं तेवढं ऐकू आलं.

"मेलो!" उकंडा खाली बसला. "त्यायलेच जाऊन कसं सांगनार, का तुमीच..."

"अन् सांगतलं त मनतीन, चिचोका यानंच टाकला," जगदेव म्हणाला. वळकटी त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

तुळसाने मात्र चिंचोका उचलून ओच्यात बांधला. "मोठ्या मानसाले, तुमी हे केलं का, असं नाई विचारावं," ती म्हणाली. "हे कोनाच्यानं होनारच नाई, असं मनावं. मंग पाहा! माह्या मायले बाबा हेच करतात, अन् ती पुरनपोया करते."

"पुरनपोया?" उकंडाने मान वर केली.

"उकंडा, उद्या बोलाचं काम तुह्यं!"

दुसऱ्या दिवशी शेठ हिरालालजींची बैलांची दमणी घुंगरं वाजवत बोर्डिंगच्या दारात आली. शेठजी उतरले. मोठी पगडी, मोठं पोट आणि दोघांनाही सांभाळत चालण्याची सवय. बुवा कोपऱ्यात सुकलेल्या तोंडाने उभे होते. पायरीजवळ जगदेवची बांधलेली वळकटी पडली होती आणि तिच्यावर जगदेव. रिसोडची मोटार चौकात उभी राहून भोंगा वाजवत होती.

"आधी लोटे पाहावेत!" रामकिसनजींनी शेठजींना व्हरांड्यात नेलं. लोटे उन्हात झगझगत होते. शेठजींनी एका लोट्यात बघून मिशी सारखी केली.

"वा! रामकिसनजी, काळं मनून कुठी दिसत नाई तुमच्या इथी!"

तुळसाने उकंडाच्या पाठीत बोट खुपसलं.

"व्हय शेठजी," उकंडा पाठ केल्यासारखं म्हणाला. "लोटे कोनीबी घासन. पन पेटीच्या आतलं पितळ काळंच ऱ्हाते. ते साफ करनं कोनाच्या बापाच्यानं होनार नाई!"

'बापाच्यानं' हा शब्द उकंडाने आपल्या पदरचा घातला होता. पण तो बरोबर लागला!

"होणार नाही?" रामकिसनजी गर्रकन वळले. "कोण म्हणतो होणार नाही? शेठजी, खरं म्हणजे हे मी तुम्हांला समारंभात दाखवणार होतो. चला माझ्याबरोबर!"

सगळी वरात वखारीत शिरली. रामकिसनजींनी जादूगारासारखी पेटीची फळी उचलली. "पाहा! सोनं वाटतं की नाही? काळेठिक्कर पडले होते सगळे! आधी चिंचेच्या पाण्यात भिजवले, मग राखेने एकेक घासला. स्वहस्ते! तुम्हांला चकित करायचं म्हणून कोणाला पत्ता लागू दिला नाही!"

वखारीत इतकी शांतता पसरली की वाशावरची पाल परत आली.

पुंजाजीबुवा मटकन खाली बसले. "सायेब," ते क्षीण आवाजात म्हणाले, "काल तुमीच विचारत होते ना, पेटी कोनं उघडली मनून?"

"मी कुठे उघडली?" रामकिसनजी खरोखरच आश्चर्याने म्हणाले. "मी तर स्वच्छ केली!"

बुवांनी भाता ओढला आणि एक पट्टी दाबली. "भ्यांऽऽ!"

शेठजींनी कानावर हात ठेवले. ते धान्याचे व्यापारी. गाणं त्यांना कळे न कळे, वजनं-मापं पक्की कळत. "रामकिसनजी," ते म्हणाले, "माह्या दुकानात मापं घासाले मनाई हाये. घासलेलं माप चमकते लय, पन खरं बोलत नाई."

रामकिसनजींनी पेटीकडे बघितलं. मग दाराकडे, जिथून बोर्डिंगची कोरी झालेली पाटी दिसत होती. पहिल्यांदाच त्यांना ती नीट दिसली असावी.

"अन् हे वळकटी कोनाची हाये, बाहेर?" शेठजींनी विचारलं. "कोन गावाले चाललं?"

रामकिसनजींनी घसा साफ केला. "ती... ती उन्हात टाकायला काढली आहे. ढेकूण होऊ नयेत म्हणून."

चौकातली मोटार आणखी एकदा भोंगा वाजवून निघून गेली.

"ते समदं झालं," शेठजी म्हणाले, "पन गानं? मी गानं आयकाले आलो ना, बाप्पा!"

बुवांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तंबोरा हाये. पन त्याले लावन कोन? इतकी वर्षं पेटीवर ऱ्हाऊन माहे कान आळशी झाले. अन् खुंट्या पिळाची सवयच गेली."

"जगदेव लावन," मोहनसिंग म्हणाला. "तो रोजच लावते."

जगदेवचे कान तापले. "तुले कसं..."

"मी वखारीमागं बसून आयकतो. रोज. बरोबर लावते तो, बुवाजी! तारा बोलतात!"

म्हणजे याला सगळं माहीत होतं! ते फाटकं गुणगुणणंही! आणि हा कोणाजवळ बोलला नव्हता. काल साऱ्यांसमोर सांगितलं असतं, तर जगदेव सुटला असता आणि त्याचं हसंही झालं असतं.

बुवांनी तंबोरा जगदेवच्या हातात दिला. "लाव पोरा."

पाहुणे जमले. जगदेव तंबोरा मांडीवर घेऊन, तारेला कान लावून खुंटी पिळू लागला. आणि पिळता पिळता त्याच्या लक्षात आलं की बालाजीने नारळाचं काम त्याच्याच हातात देऊन टाकलं आहे.

मोहनसिंगची गायची पट्टी त्याला पक्की ठाऊक होती. सगळ्या तारा थोड्या चढवल्या तर कोणाला कळणार? बुवांना शंका येईल, पण ती गाणं अर्ध्यावर आल्यावर. मोहनसिंग सुरुवात करेल, वर वर चढत जाईल, आणि त्या वरच्या 'सा'ला कोंबडं! शेठजींसमोर! मग रुई कशी पडते बघू!

त्याने खुंटी थोडी पिळली. तार चढली. आणखी थोडी पिळली.

समोर मोहनसिंग डोळे मिटून बसला होता. जगदेव जो सूर देईल तो घ्यायचा, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गाढव कुठला! इतका विश्वास कोणी ठेवतं का?

जगदेवने खुंटी परत सैल केली. तार खाली आली, अजून खाली, आणि एका जागी येऊन एकदम बोलू लागली. त्याने मणी सरकवले. चारही तारा एकमेकींत मिसळल्या आणि वखार भुंग्यासारखी गुंजायला लागली. सुरात लागलेला तंबोरा बिघडवायला फार मोठा दुष्ट माणूस लागतो. जगदेव अजून तेवढा मोठा झाला नव्हता.

"हं," तो म्हणाला. "घे."

मोहनसिंगने सा लावला.

आधी स्वागतगीत झालं. ते रामकिसनजींनी स्वतः रचलेलं होतं आणि त्यात 'निर्मळ काया, निर्मळ लोटा' अशी ओळ होती. ती आली तेव्हा शेठजींनी खोकल्याचा आव आणला. मग भूप सुरू झाला. उकंडा तोंड रिकामं ठेवून वाजवत होता. मोहनसिंग पायरी पायरीने वर गेला, तंबोऱ्याचा हात धरून गेल्यासारखा, आणि त्याने वरचा सा असा लावला की वासे झणझणले. वर्षानुवर्षांची रुई सुटली. पुंजक्यामागून पुंजका तरंगत खाली आला. शेठजींच्या पगडीवर, रामकिसनजींच्या परीटघडीच्या कोटावर, बुवांच्या डोळ्यांतून गालांवर आलेल्या पाण्याला चिकटून.

जगदेवच्या डोक्यावर सगळ्यांत जास्त पडली. त्याने ती झटकली नाही. हात मोकळे नव्हते ना!

गाणं संपलं तेव्हा शेठजी रुईसकट उठले. "वा रे पोरा! अन् तो तंबोरा कोनं लावला? अरे, पेटीहून गोड वाटलं मले! पेटी दुरुस्तीले पाठवतो, पन घाई नाई."

"हा जगदेव," बुवा म्हणाले. त्यांनी जगदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज आज ना उद्या येईन. कान मात्र याचा आताच आलेला हाये. काल मी याच्याकडं वाईट नजरेनं पायलं, शेठजी. ते माह्यं चुकलं."

"अन् पेटीचा तपास याच्यासंगं मीबी केला," तुळसा म्हणाली आणि ओच्यातला चिंचोका काढून शेठजींच्या तळहातावर ठेवला. शेठजी पोट धरून हसले. सोजरबाईंनी दारातूनच, "अन् मी उगाच त्या उकंडाले कोसत होते, बाई!" असं म्हटलं आणि संध्याकाळी उकंडाला पहिल्या पंगतीत बसवलं.

रामकिसनजी माफीबिफी मागणाऱ्यांतले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव उठला तेव्हा त्याची वळकटी आत आणून ठेवलेली होती आणि उशाशी त्याचा लोटा. इतका घासलेला, की त्यात जगदेवला स्वतःच्या तोंडाबरोबर मागची खिडकीही दिसली.

त्या सकाळी जगदेव बालाजीच्या देवळाकडे निघाला. नारळ कबूल केला होता आणि काम तर झालं नव्हतं. तरी देवाशी बोलून प्रकरण मिटवलेलं बरं. वाटेत मागून पावलं वाजली. मोहनसिंग. त्याच्याही हातात नारळ!

"तुहा नारळ कायचा?" जगदेवने विचारलं.

मोहनसिंगने जरा वेळ पायाने माती उकरली. "सांगतो, पन मारू नको. तुहा आवाज परत येऊ नये मनून बोललो होतो. तुहा आवाज आला का मले मागं टाळ घेऊन बसा लागते ना!"

जगदेव त्याच्याकडे बघतच राहिला. "तू? माह्यावर जळते?"

"लय! अन् आता त कानासाठीबी जळतो. तुहा नारळ कायचा?"

जगदेवने सांगितलं. कोंबड्यासकट सगळं सांगितलं. मोहनसिंग रस्त्यातच बसून हसू लागला, इतका की दोन बायका घागरी सांभाळत लांबून गेल्या.

"मंग आता काय कराचं?" जगदेव म्हणाला. "वाहाचे का परत न्याचे?"

"परत न्याचे?" झाडामागून आवाज आला. उकंडा बाहेर आला. तो कधीपासून मागे येत होता देव जाणे! "कबूल केलेला नारळ परत नेतात काय, बे? चाला मुकाट्यानं! दोन नारळ मंजे चार वाट्या. एक देवाची, एक तुह्यी, एक याची..."

"अन् चौथी?"

उकंडा तोवर पुढे चालायला लागला होता.